सोल्हेमायोकुट्लवर वाटाड्याच्या मागून

सह्याद्रीत हिंडणारी माणसे वाटाड्या सोबत घेतात, ती बहुधा वाट ठाऊक नसते म्हणून. घाटवाट मोडलेली असते, कारवीचे रान माजलेले असते किंवा ढोरवाटांनी चकवा दिलेला असतो, तेव्हा पायथ्याच्या गावातला एखादा जाणता माणूस पुढे होतो आणि आपण त्याच्यामागून चालतो. पण ती वाट एकदा पायांखालून गेली, की पुढच्या खेपेला आपले आपण जाता येते. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सोल्हेमायोकुट्ल या हिमनदीवर चालून आल्यावर माझी खात्री झाली आहे, की तिथे कितीही वेळा गेलो तरी हा हिशेब लागू पडणार नाही. कड्यातली वाट पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी राहते, कारण तिच्याखालचा खडक हलत नाही. हिमनदीचा खालचा भाग मात्र उन्हाळ्यात दररोज काही सेंटिमीटर वितळतो, शिवाय तो स्वतः उताराच्या दिशेने सरकत असतो, आणि त्यामुळे कालची वाट आज तिथे असेलच असे नाही. अशा ठिकाणी वाटाड्या वाट दाखवत नाही, ती त्या दिवसापुरती तयार करतो. या प्रवासात मला सर्वांत मोलाचे काय वाटले असेल, तर त्याचे हे काम जवळून पाहायला मिळाले ते.

रेक्याविकहून देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडने पूर्वेकडे निघाले, की सुमारे १६० किलोमीटरवर, स्कोगाफॉस धबधबा मागे टाकल्यानंतर थोड्याच वेळात, डावीकडे या हिमनदीकडे जाणारा छोटा रस्ता फुटतो. सोल्हेमायोकुट्ल ही स्वतंत्र हिमनदी नव्हे. मिरदाल्सयोकुट्ल नावाचे पाचशेहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेले हिमाच्छादन वर आहे, आणि त्याच्या नैर्ऋत्य कडेवरून दरीत उतरलेली बर्फाची ही सुमारे आठ किलोमीटर लांबीची जीभ आहे. तिचे टोक समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर येते. गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, गोमुखाला जाऊन आलेल्या मराठी यात्रेकरूला ही गोष्ट सांगितली तर चटकन विश्वास बसत नाही, कारण तिथे पोहोचण्यासाठी चार हजार मीटरच्या आसपास चढावे लागते आणि विरळ हवेत प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते. शिवाय गोमुखाच्या वरचा बर्फ बहुतांशी दगडमातीच्या थराखाली झाकलेला असल्यामुळे आपण हिमनदीपाशी उभे आहोत हे डोळ्यांना पटकन कळतही नाही. इथे अक्षांशच इतके उत्तरेचे आहेत आणि अटलांटिकवरून येणारे ढग डोंगरमाथ्यावर इतका हिम टाकतात, की बर्फ जवळजवळ किनाऱ्यावरच्या मैदानापर्यंत उतरतो. विरळ हवेचा त्रास नाही, दिवसेंदिवसांची चढण नाही. म्हणूनच साठी ओलांडलेल्या माझ्या ताईलाही मी आग्रहाने बरोबर नेले.

गाडीतळावरच सामानाचे वाटप झाले. प्रत्येकाला हेल्मेट, कमरेला बांधायचा हार्नेस, बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दात्यांचे पट्टे. आमच्या गाइडने, वयाने तिशीच्या आतबाहेर असलेल्या एका आइसलँडी मुलीने, प्रत्येकाचे क्रॅम्पॉन स्वतःच्या हाताने बुटाच्या मापाला बसवून पाहिले आणि ज्याचा बूट घोट्याशी मऊ होता त्याला भाड्याचे कडक बूट घ्यायला लावले. हार्नेस कशासाठी, असे एकाने विचारले, कारण दोर तर कोणाच्याच हातात दिला नव्हता. तिने सरळ सांगितले, की कोणी भेगेत पडलेच, तर त्याला वर ओढण्यासाठी दोर अडकवायला जागा हवी, आणि पडल्यानंतर हार्नेस चढवता येत नाही. हे ऐकून गटात क्षणभर शांतता पसरली, पण मला ते स्पष्ट बोलणे आवडले. पर्यटकाला धीर देण्याच्या नादात धोका लपवणारा वाटाड्या मला कधीच भरवशाचा वाटला नाही.

गाडीतळ ते बर्फ हे अंतर मी नीट पाहत चाललो, कारण या हिमनदीची सगळी हकिकत त्या अंतरातच आहे. आज हिमनदीच्या टोकासमोर एक करडा तलाव आहे, त्यात बर्फाचे तुकडे तरंगत असतात, आणि बर्फावर पोहोचण्यासाठी त्याच्या कडेकडेने, हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या आणि रेतीच्या ढिगाऱ्यांवरून बराच वेळ चालावे लागते. हा तलाव २०१० च्या सुमारास दिसू लागला. त्याआधी तिथे बर्फच होता. क्वोल्सवोत्लुर या जवळच्या गावातल्या शाळेची मुले २०१० पासून दरवर्षी शरद ऋतूत इथे येऊन बर्फ किती मागे गेला ते मोजतात, आणि पहिल्या दहा वर्षांतच तो शेकडो मीटर मागे हटल्याचे त्यांच्या मोजणीतून दिसले. आता त्यांना होडीतून जाऊन तलावाचे अंतरही मोजावे लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आपल्या गावाजवळचा बर्फ दरवर्षी स्वतः मोजायला लावणाऱ्या त्या शिक्षकांविषयी मला मनापासून आदर वाटला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आइसलँडमध्ये हिमनद्यांची टोके मोजण्याची परंपरा १९३० पासूनची आहे, आणि १९५० मध्ये स्थापन झालेल्या हिमनदी अभ्यासकांच्या संस्थेचे स्वयंसेवक ती चालवत आले आहेत. त्या नोंदींनुसार हीच सोल्हेमायोकुट्ल १९७० च्या आसपासपासून १९९५ पर्यंत मागे न जाता काहीशे मीटर पुढे सरकली होती, कारण ती दशके तुलनेने थंड होती. म्हणजे हिमनदी मागेपुढे होत असते हे खरेच आहे. पण १९९५ नंतर तिने जी माघार घेतली, तिने आधीची सगळी वाढ गिळून टाकली आणि ती थांबलेली नाही. "पूर्वीही बर्फ वितळतच होता" असे म्हणणाऱ्यांनी ही सलग मोजणी एकदा पाहावी, असे मला वाटते.

बर्फाच्या कडेला थांबून आम्ही क्रॅम्पॉन चढवले आणि चालण्याचा पाठ सुरू झाला. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून ठेवायचे, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतात. पाऊल घासत न नेता वरून सपाट आपटायचे, म्हणजे सगळे दाते एकाच वेळी रुततात. उतारावर गुडघे किंचित वाकवून, पावले सरळ खालच्या दिशेला ठेवून, आत्मविश्वासाने चालायचे; इथे डोंगर उतरण्याची आपली जुनी सवय आड येते, कारण आपण निसरड्या उतारावर पाय आडवा टाकून कडेवर भार देतो, आणि क्रॅम्पॉन घातल्यावर नेमके तेच केल्याने निम्मे दाते हवेत राहतात. चालता चालता गाइड मागे वळून प्रत्येकाची पावले न्याहाळत होती. थोड्याच वेळात तिने काही न बोलता रांग बदलली आणि ताईला आपल्या थेट मागे घेतले. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी ठरतो, आणि तो माणूस पुढे असला की त्याला कोणाची बरोबरी करायची धडपड करावी लागत नाही, हे तिने नंतर मला सांगितले. "ताई, दमलीस का?" असे मी मागून दोनदा विचारले, तेव्हा ताईने मला गप्प केले, तिचे सगळे लक्ष पुढच्या दोन बुटांकडे होते.

दोर का बांधला नाही, याचे उत्तर पुढे मिळाले. उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला हिमनदीच्या खालच्या टप्प्यावर भुसभुशीत हिम उरत नाही. उघडा, कठीण बर्फ असतो आणि त्यातल्या भेगा स्पष्ट दिसतात. अशा बर्फावर सगळ्यांना एका दोरात गुंफले आणि एकाचा पाय घसरला, तर बाकीच्यांना त्याला रोखून धरायला काहीच आधार नसतो. सगळेच एकामागोमाग ओढले जाण्याची भीती असते. वरच्या टप्प्यावर, जिथे भेगांची तोंडे हिमाने झाकलेली असतात, तिथे मात्र दोराशिवाय पाऊल टाकत नाहीत. एकच साधन एका ठिकाणी जीव वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी धोका वाढवते, आणि आपण कोणत्या प्रकारच्या बर्फावर आहोत हे ओळखणे हेच खरे प्रशिक्षण आहे. आइसलँडमधल्या पर्वतीय वाटाड्यांची स्वतःची संघटना आहे आणि ती बर्फावरच्या कामाचे टप्प्याटप्प्याचे शिक्षण देते. आमची गाइड मध्येच थांबे, कुऱ्हाडीच्या टोकाने एखादी कड ठोकून पाही, आवाज ऐके आणि मग कधी पुढे जाई, कधी दहा पावले मागे येऊन दुसरीकडून वळसा घेई. चढ अधिक असला तर ती आधी जाऊन कुऱ्हाडीने पायऱ्या खोदी आणि त्यातला चुरा बुटाने बाजूला सारी. सकाळच्या गटासाठी खोदलेल्या पायऱ्या दुपारी गोल होऊन निरुपयोगी झालेल्या मी पाहिल्या.

या हिमनदीचे चित्र मनात पांढरे असेल, तर पहिल्या दर्शनाने निराशा होण्याची शक्यता आहे. बर्फ ठिकठिकाणी काळा आहे, कारण हा ज्वालामुखींचा शेजार आहे. २०१० च्या वसंतात युरोपची विमानवाहतूक ज्याने दिवसच्या दिवस बंद पाडली आणि आपल्याकडचे कितीतरी प्रवासी परदेशी विमानतळांवर अडकवून ठेवले, तो एयाफ्यात्लायोकुट्ल अगदी पश्चिमेला लागून आहे, आणि त्याची राख या बर्फावर पडली. पूर्वीच्या उद्रेकांची राखही बर्फाच्या थरांत दबलेली आहे. वरचा बर्फ वितळला की ती उघडी पडते. तिचे एक वर्तन पाहण्यासारखे आहे. राखेचा अगदी पातळ थर ऊन शोषून घेतो आणि खालचा बर्फ लवकर वितळवतो. पण काही सेंटिमीटर जाड थर उन्हाला खाली पोहोचूच देत नाही. त्यामुळे जिथे राख जाड साचते तिथला बर्फ तसाच राहतो, भोवतालचा झिजून जातो, आणि माणसाच्या उंचीचे काळे सुळके उभे राहतात. गाइडने एका सुळक्यावर कुऱ्हाड घासली, तर बोटभर राखेखाली चकचकीत बर्फ निघाला. भूगोलाच्या पुस्तकातली चार पाने जे शिकवू शकत नाहीत, ते त्या एका घासण्याने कळले.

त्याहून अधिक वेळ आम्ही थांबलो ते पाण्याच्या विवरापाशी. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवरून वितळलेल्या पाण्याचे ओहोळ वाहतात, आणि एखादी भेग सापडली की तिच्यात शिरून पाणी गोल फिरत उभी विहीर कोरत खाली जाते. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या गुळगुळीत, वळणदार भिंती ओळखीच्या वाटतील. फरक एवढाच की निघोजला ते काम दगडगोट्यांनी युगानुयुगे घासून केले आणि इथे पाणी ते एका ऋतूत करते. गाइडने कडेपासून अंतर राखून बर्फात दोन स्क्रू फिरवून बसवले, त्यांना दोर अडकवला, आणि एकेकाच्या हार्नेसला तो बांधून दोन पावले पुढे जाऊ दिले. आत वाकून पाहिले तेव्हा वरची भिंत पांढरी, मग फिकट निळी आणि खोलवर गडद निळी होत गेलेली दिसली. बर्फात प्रकाश जितका लांब प्रवास करतो, तितका त्यातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा उरतो. आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने ज्यातून हवेचे बुडबुडे निघून गेले आहेत अशा घट्ट बर्फात तो लांबवर जाऊ शकतो. पृष्ठभाग पांढरा दिसतो, कारण उन्हाने तो सच्छिद्र होऊन त्यात हवा भरलेली असते. पाऊस पडून गेला की हीच हिमनदी अधिक निळी दिसते, म्हणून पावसाळी दिवस मिळाला तर वाईट वाटून घेऊ नये.

हे विवर आठवड्यापूर्वी जिथे होते तिथून थोडे सरकले आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूची कड आता आतून पोखरली जात असावी, असे गाइडने आम्हाला दुसऱ्या बाजूला उभे करताना सांगितले. परतताना वाटेत दुसरा गट भेटला, तेव्हा दोन्ही वाटाडे बाजूला झाले, तिने हाताने दिशा दाखवत त्या कडेविषयी काही सांगितले, आणि तो गट आम्ही गेलो त्या रेषेने न जाता उजवीकडून चढला. एकमेकांना सांगितलेली ही ताजी माहितीच तिथला नकाशा आहे, आणि ती कोणत्याही ॲपमध्ये नसते.

पायांखाली काय आहे, याचे भानही तिथे ठेवावे लागते. मिरदाल्सयोकुट्लच्या बर्फाखाली काट्ला हा ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखावर काही ठिकाणी बर्फ ७०० मीटरपर्यंत जाड आहे. बर्फ फोडून बाहेर आलेला त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये झाला आणि त्या वेळच्या महापुराने इतका गाळ वाहून आणला, की समुद्रकिनारा पुढे सरकला. उद्रेक न होताही खालच्या उष्णतेने बर्फाखाली पाणी साचते आणि एकाएकी फुटून वाहते. जुलै १९९९ मध्ये असा मोठा लोंढा सोल्हेमायोकुट्लखालूनच बाहेर पडला होता. हिमनदीतून निघणाऱ्या नदीला कधी कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, तो खालच्या भूगर्भीय वायूंचा. तो वास तीव्र झाला किंवा पाणी अचानक वाढले, तर प्रशासन इशारा देते, आणि धोक्याच्या वेळी त्या परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोयही आहे. वाटाड्याच्या खिशात बिनतारी संच असतो तो याचसाठी.

तरीही वाटाड्या सोबत असणे म्हणजे अभय नव्हे. २५ ऑगस्ट २०२४ रोजी आग्नेय आइसलँडमधल्या ब्रेदामेर्कुरयोकुट्ल या हिमनदीवर, वाटाड्यांसोबत गेलेल्या गटावर बर्फाची भिंत कोसळली आणि एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला. भर उन्हाळ्यात, बर्फ सर्वाधिक वेगाने वितळत असताना, बर्फाच्या गुहांमध्ये लोकांना न्यावे का, हा प्रश्न त्यानंतर तिथे गांभीर्याने विचारला गेला. माझे मत स्पष्ट आहे: उघड्या बर्फावर, डोक्यावर आभाळ असताना चालणे आणि उन्हाळ्यात बर्फाच्या छताखाली शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट छायाचित्रासाठी करू नये. जो वाटाड्या "आज तिकडे जाणार नाही" असे पैसे भरलेल्या गटाला सांगू शकतो, त्याच्याच मागून चालावे.

अशी पायी भेट किती काळ शक्य राहील, हाही प्रश्न आहे. न्यूझीलंडमधल्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर पूर्वी पर्यटक दरीतून चालत बर्फावर चढत. टोक मागे हटून कोसळू लागल्यावर २०१२ मध्ये ती वाट बंद झाली आणि आता बर्फावर उतरायला हेलिकॉप्टर लागते. आइसलँडमधल्या ओक पर्वतावरचा बर्फ इतका पातळ झाला, की तो सरकणेच थांबले आणि २०१४ मध्ये त्याची हिमनदी म्हणून गणना संपली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे स्मरणफलक लावण्यात आला. सोल्हेमायोकुट्लवर अजून चालत जाता येते, पण ते चालणे दरवर्षी लांबते, तलाव रुंदावतो, आणि बर्फावर चढायची जागा वाटाड्यांना पुन्हा पुन्हा नव्याने शोधावी लागते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बर्फावर तासभर नेणाऱ्या छोट्या सहली असतात आणि चार-पाच तासांच्या मोठ्याही असतात. प्रकृती साथ देत असेल तर मोठीच निवडावी, कारण पहिला तास पाय क्रॅम्पॉनला सरावण्यात जातो आणि आजूबाजूला पाहायला सवड त्यानंतर मिळते. जीन्स घालू नये, ती भिजली की वाळत नाही. घोळदार विजारही नको. वरच्या बर्फावरून थंड, जड हवा सतत खाली वाहत असते, त्यामुळे गाडीतळावर ऊन असले तरी वारा अडवणारे जाकीट हवेच. हातमोजे मात्र थंडी नसली तरी घालावेत, कारण उघडा बर्फ काचेच्या भुग्यासारखा बोचरा असतो आणि पडताना हात टेकला तर तळवा सोलवटतो. नोंदणी करण्याआधी एका वाटाड्यामागे किती माणसे असतात आणि वाटाड्यांचे बर्फावरचे प्रशिक्षण कोणते आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. नीट काम करणारी माणसे या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतात, आणि ज्यांना ते विचारलेले आवडत नाहीत, त्यांच्याकडे पैसे भरू नयेत.